शंखाचे चुडे

रायपूरला विमानाने येणारा प्रवासी मानाला उतरतो आणि टॅक्सी करून शहराकडे निघतो. याच माना परिसरात 1964 पासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची मोठी छावणी होती. 1971 मध्ये तिथे नवा लोंढा आला. नावं लिहून घेतली गेली, शिधा सुरू झाला. सरहद्द ओलांडण्याआधी याच माणसांनी आपल्या मुलखात लपूनछपून काढलेले दिवस मात्र कुठल्याही रजिस्टरात चढले नाहीत.

25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली आणि पुढे ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. हिंदू वस्त्या खास निशाण्यावर होत्या. कोणी तागाच्या उंच पिकात दडलं, कोणी जलपर्णीने झाकलेल्या तळ्यात नाकापर्यंत बुडून राहिलं, कोणाला मुसलमान शेजाऱ्याने घरात घेतलं. सैनिकांना वाट दाखवायला गावातलेच रझाकार, म्हणजे लष्कराचे स्थानिक साथीदार, होते. पुरुषांच्या लुंग्या सोडायला लावून सुंता तपासली जाई. बायकांनी भांगातला सिंदूर पुसला, हातातले शंखाचे चुडे उतरवले. तेही नवरा जिवंत असताना, त्याचा जीव वाचावा म्हणून! सवाष्णीने मंगळसूत्र काढून लपवायचं म्हणजे काय, हे मराठी घरांत कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्यांनी चुडे उतरवले नव्हते. 20 मे रोजी खुलना जिल्ह्यातल्या चुकनगरात भारताकडे निघालेले हजारो लोक भद्रा नदीकाठी थांबले असताना सैन्याने गोळीबार केला. एक मुसलमान शेतकरी आपल्या मारल्या गेलेल्या वडिलांचं प्रेत शोधत होता. त्याला मेलेल्या आईला लुचणारी तान्ही मुलगी दिसली. आईच्या भांगात सिंदूर होता, हातात शंखाचे चुडे. त्याने पोर उचललं आणि एका हिंदू कुटुंबाच्या हवाली केलं. ती हिंदू म्हणूनच वाढली. ज्या खुणेपायी माणसं मारली जात होती, तीच खूण बघून या माणसाने पोरीला तिच्या माणसांत पोचवलं. स्वतःचा बाप गेलेला असताना! त्या वर्षातलं याहून मोठं धैर्य निदान या लेखकाला माहीत नाही.

भारतात आलेल्यांचा आकडा जवळपास एक कोटीवर गेला. सीमेवरच्या राज्यांना तो भार पेलेना, म्हणून काहींना रेल्वेने थेट मानापर्यंत आणलं गेलं. 16 डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आलं आणि 1972 च्या सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक निर्वासित परतले. मानाबद्दल जे लिहिलं जातं, त्यात तंबू, शिधा आणि पुढच्या, दंडकारण्यातल्या निर्वासितांच्या वसाहती येतात. तेव्हाची लहान मुलं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांतलं कोणी भेटलं, तर छावणीच्या आधीचं विचारायला हवं: दार कोणी उघडलं, नाव कोणी फोडलं, आणि आईने चुडे कुठे पुरले.