मामांचा तांदूळ आणि माझं मशीन

परवा टाकव्याला मामांकडे गेलो होतो. लोकलनं कान्ह्याला उतरलो तेव्हापासून डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, "मामा, मशीन तुमचा तांदूळ ओळखतं!"

इंद्रायणीच्या नावाखाली बाजारात काय काय खपतं, हे मामांचं जुनं दुखणं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली दिलेला हा वाण. आता पिशवीवर नाव छापलं की कुठलाही तांदूळ इंद्रायणी! माझं काम रामन स्पेक्ट्रोस्कोपीचं. दाण्यावर लेसर टाकायचा. परतणाऱ्या प्रकाशातला कोटीतला एखादाच कण रंग बदलून येतो, पण त्यावरून आतले रेणू कळतात. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधलं ते हेच. स्टार्चची ठळक रेषा ४८०च्या आसपास येते, पण ती सगळ्याच तांदळांत असते. दोन वाणांतला बारीक फरक डोळ्यांना दिसेना, म्हणून संगणकाला शिकवलं. न्यूरल नेटवर्कनं एकही चूक केली नाही. एकही! (तिथेच शंका यायला हवी होती.)

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आरं, पण दोन्ही तांदूळ एकाच दिवशी मोजलं का? पावसापाण्याचा तांदूळ ओल धरतो."

नव्हते मोजले. इंद्रायणी सोमवारी, बाकीचे गुरुवारी. चहा घशाखाली उतरेना.

परत आल्यावर वही काढली. यंत्र तपासायला आम्ही सिलिकॉनची चकती मोजतो, तिची रेषा ५२०.५ला यायला हवी. सोमवारी आली होती. गुरुवारी जवळजवळ दोननं सरकलेली! मी इमानेइतबारे नोंद केली होती, दुरुस्ती मात्र नाही. म्हणजे पठ्ठ्यानं तांदूळ नाही, वार ओळखला होता. खात्रीसाठी यंत्र नीट जुळवून कोलम मोजला, तर म्हणे इंद्रायणी.

आता रोज यंत्र जुळवून, नमुने सरमिसळ करून पुन्हा मोजतोय. एका शेतकऱ्याच्या तांदळाची सगळी मोजमापं एक तर शिकवणीत, नाहीतर परीक्षेत. दोन्हीकडे गेली की पेपर फुटलाच म्हणायचा. पहिला निकाल? नाणेफेकीपेक्षा जरा बरा.

मामांना फोनवर सगळं सांगून टाकलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नवं भात निघालं की दोन पिशव्या देतो, नाव न घालता. आधी तुझं मशीन सांगू दे, मग मी सांगीन."