लंगोटपुराण

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. त्याचं कारण आता साडेआठ महिन्यांचं झालंय आणि या क्षणी माझ्या मांडीवर झोपलंय. त्यामुळे हे सगळं एका हाताने टाइप करतोय, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तर मंडळी, आजचा विषय शी-शूचा आहे. जेवत असाल तर नंतर वाचा. ज्यांना मुलं आहेत ते हसतील, ज्यांना नाहीत ते नाक मुरडतील, आणि आत्या वाचत असेल तर ती "हे काय चारचौघांत लिहायचं?" म्हणून फोन करील. असो.

ठमी (हे घरातलं नाव, खरं नाव इथे लिहायचं नाही असा बायकोचा हुकूम आहे) जूनच्या शेवटी झाली. म्हणजे भर पावसाळ्यात. आईने येताना दोन डझन लंगोट आणले होते, त्रिकोणी, बंदांचे, जुन्या सुती साड्यांचे शिवलेले. तान्हं बाळ दिवसाला कितीतरी वेळा लंगोट ओला करतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत दोऱ्या बांधून सगळीकडे लंगोट आणि दुपटी वाळत घातलेली. रात्री अकरा वाजता मी इस्त्री घेऊन लंगोट वाळवत बसायचो. चौथ्या आठवड्यात आम्ही हात टेकले आणि डायपर आणले. आई काही बोलली नाही, फक्त लंगोटांची नीट घडी करून कपाटात ठेवून दिली.

डायपर ही वस्तू भलती हुशार आहे. आत कापसासारख्या लगद्याबरोबर सोडियम पॉलीअॅक्रिलेट नावाची पूड असते, ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून जेली होते. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एकदा बाळाच्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून एक वापरलेला डायपर वॉशिंग मशीनमध्ये गेला, तेव्हा शिकलो. मशीन उघडलं तर बायकोच्या ऑफिसच्या कुर्त्यांवर साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी! धुवायला जावं तर ते आणखी फुगायचं. मिठाच्या पाण्याने ती जेली आकसते, हे त्या रात्री कळलं. अर्धा किलो मीठ गेलं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. आता जरा न-गमतीचं.

बायकोची बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा डिसेंबरात संपली. दिवसा सासूबाई यायच्या, रात्री आम्ही दोघं. जानेवारीत तिला ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस बंगळूरला जावं लागलं. जाताना सतरा सूचना. मी म्हटलं, "अगं, मी बाप आहे, शेजारचा नाही." पहिल्या रात्री ठमी आठला झोपली ती मध्ये एकदा दूध पिऊन पुन्हा झोपली. डायपरच्या पाकिटावर बारा तास असं ठळक छापलेलं. झोपलेल्या बाळाला कशाला उठवा? त्यातून मला सर्दी, नाक बंद. रात्रीत कधीतरी तिने शी केली होती ते मला कळलंच नाही. सकाळी आठला उघडलं तेव्हा सगळं लालभडक झालं होतं.

मी काय करावं? धुतलं, पुसलं आणि वर पावडर मारली. आमच्या लहानपणी मारायचे म्हणून. बायको परत आली तोवर जांघेतल्या घड्यांत लाल चट्टे, आणि त्यांच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके. पाणी लागलं की पोर किंचाळायची. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की ओल, घासणं आणि शी यांनी कातडीचा वरचा थर दुखावतो, आणि मग तिथे बुरशी धरते. ते सुटे ठिपके ही तिची खूण. नुसत्या नेहमीच्या मलमाने ते जात नाही, बुरशीवरचं मलम वेगळं लागतं. पावडर साफ बंद, ती बाळाच्या श्वासातून आत जाते. आणि दिवसातून जमेल तितका वेळ बाळाला उघडं ठेवायचं. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, पण मला सारखं वाटत होतं की बघताहेत.

आठवड्याभरात बरं झालं. बायको मला एका शब्दानेही बोलली नाही. पण त्या दिवसापासून मी डायपर बदलला की पाच मिनिटांनी ती येऊन पुन्हा उघडून बघायची. दर वेळी, न बोलता. एखादा भांडला तर भांडून मोकळं होता येतं. हे मला फार लागलं, आणि तिला सांगताही येईना, कारण चूक माझी होती.

बाहेरचं तर विचारूच नका. एकदा एका मॉलमध्ये आम्ही तिघं गेलो होतो. बाळ बदलायची फळी होती, पण ती बायकांच्या स्वच्छतागृहात. बायको कपडे घालून बघत होती, तिला बोलवायचं नाही असं मी ठरवलेलं. बाहेर बसलेल्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, "मॅडमना पाठवा ना, साहेब." पुरुषांच्या बाजूला हात धुवायच्या ओट्याशिवाय काही नाही, तोही ओला. शेवटी पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर, अर्धा बाहेर अर्धा आत अशा अवस्थेत ते काम केलं. अमेरिकेत 2016 साली कायदाच झाला की केंद्र सरकारच्या ज्या इमारतींत जनतेची ये-जा असते तिथल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहातही अशी सोय हवी. आपल्याकडे कायदा जाऊ दे, पुरुषाला याची गरज पडेल हीच कल्पना अजून विनोदी वाटते लोकांना.

आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाबांचा फोन आला. आजीचं काही खरं नाही, पणतीला बघायचंय म्हणते सारखी.

आजी अठ्ठ्याऐंशीची. दिवाळीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. आई-बाबा तिच्याजवळच होते, रत्नागिरीपासून तासाभरावर आमच्या गावी. बायकोला नवीन रजा मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मी घेऊन जातो. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "एकटा?"

दोन रात्री बसून तिने पिशवी भरली. प्रत्येक बदलाचा एक संच, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत: एक डायपर, एक झबलं, ओल्या पुसण्या, मलम, आणि एक रिकामी पिशवी. असे चोवीस संच. मी हसलो. तिने पहिल्या पिशवीत चिठ्ठी घातली होती, ती मला गाडीत सापडली. "दर दोन-तीन तासांनी. जांघेत बघ. पुढून मागे पूस." एवढंच. खाली प्रेमाबिमाचं काही नाही.

ठाण्याहून सकाळची गाडी. पनवेल, माणगाव, खेड ठीक गेलं, दोन संच संपले, दोन्ही नुसत्या शूचे. चिपळूणला मी चहा घेतला आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. संगमेश्वर गेलं आणि ठमीचा चेहरा गंभीर झाला. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. नुकतं वरचं खाणं सुरू झालेलं, नाचणीची पेज, त्यामुळे मामला पहिल्यासारखा निरागस राहिलेला नव्हता. उचललं तर माझा हात ओला. शी डायपरच्या मागून पाठीवर चढून मानेपर्यंत पोचली होती!

समोरच्या बाकावर एक मावशी, त्यांचे यजमान आणि कॉलेजातला एक मुलगा. यजमानांच्या हातात नुकताच घेतलेला बटाटेवडा. मी बर्थवर मेणकापड पसरलं. सात महिन्यांचं बाळ हे पालथं पडायला शिकलेलं बाळ असतं, पाठीवर ठेवलं की ते कासवासारखं उलटतं. एक हात तिच्या पोटावर, एका हाताने सगळं. तेवढ्यात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आवाज अंगावर येतो. ठमीने भोकाड पसरलं. मावशी उठल्या. "द्या इकडे. हे का पुरुषांचं काम?"

खरं सांगतो, द्यावंसं वाटलं. फार वाटलं. पण चिठ्ठी आठवली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही फक्त तिच्याशी बोला, खुळखुळा वाजवा. बाकी मी करतो." कॉलेजच्या मुलाने काही न विचारता रेल्वेची चादर दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. यजमान वडा कागदात गुंडाळून दाराकडे गेले (त्यांचं काही चुकलं नाही). पुढे बंद असलेलं झबलं होतं म्हणून बरं, डोक्यावरून काढायचं असतं तर केसांनाही लागलं असतं. सात-आठ पुसण्या गेल्या. पुढून मागे. मग जांघेतली एकेक घडी उघडून, पुसून, कोरडी करून. बोगदा संपून ऊन आत आलं तेव्हा मी मलम लावत होतो. मावशी म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी दोन मुलींत कधी हात नाही लावला हो." ह्यांनी दारातून ऐकलं असावं.

गावात वेगळाच पेच. ठाण्याला आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी एकदा मला सुनावलं होतं, "दादा, उघडं टाकू नका, आम्हाला हातानं उचलावं लागतं." घनकचऱ्याचे 2016 चे नियम आले त्यातही हेच होतं, की असा कचरा नीट गुंडाळून द्यायचा. तेव्हापासून मी वर्तमानपत्रात गुंडाळून लाल पेनने ठिपका काढून देतो. पण गावी कचरा नेणार कोण? पुरावं तर ते प्लास्टिक कुजत नाही. जाळावं तर धूर. बाबा म्हणाले, "आगरात टाकायचं नाही हं ते." आईने न बोलता कपाट उघडलं. दोन डझन लंगोट! पावसाळ्यानंतर ती सगळे गावी घेऊन आली होती. ठरलं, दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. फेब्रुवारीचं कोकणातलं ऊन, तासाभरात कडकडीत वाळत होते. सकाळी पडवीत कोवळ्या उन्हात ठमी उघडी लोळायची, आणि तिची कातडी मी आजवर कधी बघितली नव्हती इतकी छान झाली.

आजीची खाट माजघरात. मी तिथेच खाली चटई टाकून बदलायचो, म्हणजे तिला दिसेल. पहिल्या दिवशी ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अरे मेल्या, तुझ्या आजोबांनी सहा पोरांत एकाचा लंगोट सोडला नाही. आणि हा तुझा बाप! तू हागलास की हा ओटीवर पळायचा." बाबा दारात उभे होते, हसले आणि खरंच ओटीवर गेले.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला बांधू दे एकदा." आईने तिला उशांना टेकवून बसवलं, मी ठमीला तिच्या मांडीवर आडवं धरलं. त्या लंगोटाचं कापड आजीच्याच जुन्या लुगड्याचं होतं, तिने ते बोटांनी चाचपून ओळखलं. हात थरथरत होते. गाठ मारायला किती वेळ लागला सांगता येत नाही, आम्ही कोणी मध्ये हात घातला नाही. गाठ बसली आणि त्याच क्षणी ठमीने शू केली. लंगोट, चादर, आजीचं पातळ, सगळं ओलं. आई धावली तर आजी म्हणाली, "राहू दे गो. ऊन आहे तोवर राहू दे." आणि ठमीला सोडेचना. तिलाही दिवसातून तीन वेळा आई बदलते, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेते. त्या दिवशी मात्र आई बदलत असताना ती ठमीकडे बघत होती.

चौथ्या दिवशी निघालो. पिशवीत वापरलेले नऊ डायपर, कागदात गुंडाळून, दोन-दोन प्लास्टिकमध्ये, घट्ट बांधून परत आणले. तिथे टाकायला जागा नव्हती, काय करणार? शेजारच्या काकांनी "गावचे आंबे का?" म्हणून विचारलं. फेब्रुवारीत! मी हो म्हटलं.

ठाण्याला बायको फलाटावर उभी होती. ठमी झेपावली. घरी आल्यावर तिने तिला पलंगावर ठेवलं, डायपर सोडला, दिवा लावला, जांघेतल्या घड्या एकेक करून बघितल्या. मी दारात परीक्षेला बसल्यासारखा. ती काही बोलली नाही. मलम न लावताच नवा डायपर बांधला.

मग पिशवी उपसताना म्हणाली, "पंधरा उरलेत की रे." मी लंगोटांचं सांगितलं. आजीचं सांगितलं. ती खाली बसून ऐकत राहिली.

रात्री दिवा मालवताना म्हणाली, "आजपासून रात्रीचं तू बघ. मी झोपते."

आणि झोपली.