चौऱ्याहत्तर मिनिटांची बैठक

गाणे ऐकावयास माणसाने गाण्याकडे जावे, ही जुनी रीत. गाण्यानेच माणसाच्या घरी यावे, ही गेल्या सव्वाशे वर्षांतली. पुण्या-मुंबईच्या रसिकांस या दोहोंतून निवड करता येते. आम्हां आदिलाबादकरांस ती चैन फारशी कधी नव्हती. भाषावार प्रांतरचनेत १९५६ साली आमच्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि पैनगंगेच्या अलीकडची मराठी घरे शेती, कापूस आणि नोकऱ्या सांभाळीत होती तेथेच राहिली. घरात मराठी आणि दारात तेलुगू, हा आमचा संसार झाला. मैफल ऐकायची तर नांदेड नाही तर नागपूर गाठावे लागे. एरवी आमची भिस्त आकाशवाणीवर. शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागला की घरातील सारी मंडळी रेडिओभोवती जमत, आणि पावसाळ्यात आभाळ गडगडू लागले की गवयाच्या तानेत विजेची तान मिसळे.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहिला तर तो मुख्यत्वे वेळेच्या टंचाईचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी तबकडीसाठी गायिले, तेव्हा उभा राग तीन मिनिटांच्या आसपास आटोपावा लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीने महाराष्ट्राला वेड लावले, तीही अशाच एका तबकडीवरची. थोरांनी त्या तीन मिनिटांतही रागाचा प्राण उतरविला, हे त्यांचे सामर्थ्य. परंतु विलंबित ख्यालाला जो निवांतपणा लागतो, तो तेथे मिळणे शक्य नव्हते. १९४८ साली अमेरिकेत लांब वादनाची तबकडी निघाली, आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. पुढे कॅसेट आली. ती स्वस्त, सुटसुटीत आणि घरोघरी पोचणारी. पण ऐन रंगात बाजू संपे आणि कोणाला तरी उठावे लागे.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत रुजू झालो ते १९८२ साली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सोनी कंपनीने आपला पहिला सीडी प्लेयर जपानच्या बाजारात आणला. ही तबकडी सोनी आणि हॉलंडची फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केली होती. व्यास बारा सेंटिमीटर, आणि वेळ सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे. उटनूर, आसिफाबाद, निर्मल असे बदल्यांचे गाठोडे वाहात आम्ही आदिलाबादेस स्थिरावलो, आणि १९९६ साली हैदराबादेत कोठीच्या गुजराती गल्लीतून एक प्लेयर, एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेऊन आलो. किमतीचा आकडा ऐकून आमच्या सौभाग्यवती दोन दिवस मौनात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, "ते यंत्र नुसतेच मांडून ठेवायचे आहे का?"

त्या रात्री आम्ही मालकंस लावला. गाण्याच्याही आधी आम्हांस ऐकू आली ती शांतता. फितीची ती नेहमीची सळसळ नाही, सुईची खरखर नाही. आणि त्या शांततेतून तंबोरा उगवला. चांगला लागलेला तंबोरा म्हणजे हिंदुस्थानी संगीताची जमीन. कॅसेटवर ती जमीन नेमकी हलत असे. फीत दर सेकंदास पावणेपाच सेंटिमीटर या संथ गतीने सरकते. तिला ओढणारा पट्टा सैलावला किंवा दाबणारे रबर कडक झाले की गती डगमगते, आणि गतीबरोबर स्वरही. चित्रपटगीतात हे फारसे जाणवत नाही. पण तंबोऱ्याचा षड्ज डुलू लागला की सारा रागच लंगडतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रबर किती टिकते, हे निराळे सांगावयास नको. सीडीमध्ये गतीचे ताल धरणारे घड्याळ स्फटिकाचे असते. तबकडी आतील बाजूस मिनिटाला सुमारे पाचशे आणि कडेला सुमारे दोनशे फेरे घेते. त्यात थोडे कमीअधिक झाले तरी वाचलेले आकडे आधी साठविले जातात आणि मग त्या घड्याळाच्या तालावरच बाहेर सोडले जातात. त्यामुळे षड्ज जागचा हलत नाही. सीडीने आम्हांस काय दिले, असे कोणी विचारल्यास आम्ही दोनच गोष्टी सांगू : अढळ षड्ज आणि अखंड वेळ.

आकड्यांचा उल्लेख आला म्हणून थोडे या यंत्राच्या दप्तराविषयी. ध्वनीचे मोजमाप दर सेकंदास ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदविले जाते. या नोंदी सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने एका सर्पिल मार्गावर असतात. मार्ग आतून बाहेर जातो आणि उलगडला तर पाच किलोमीटरांच्या घरात भरेल. लेझरचा किरण हा मार्ग खालून वाचतो. आम्हां जन्माच्या कारकुनांस खरे कौतुक वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एका क्षणाच्या नोंदी एकाच जागी सलग लिहिलेल्या नसतात. त्या पुढेमागे विखरून ठेवलेल्या असतात, आणि त्यांबरोबर पडताळ्याचे काही जादा आकडेही असतात. गावाची पहाणी एकाच बस्त्यात न ठेवता थोडी थोडी अनेक बस्त्यांत ठेवावी, म्हणजे एका बस्त्याला वाळवी लागली तरी उरलेल्यांवरून गाव पुन्हा उभे करता येते, तसाच हा प्रकार. त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा चरा पडला तरी कानाला पत्ता लागत नाही.

यंत्र चांगले असून भागत नाही. खोलीही ऐकणारी असावी लागते. आमच्या घरी शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. पहिल्या आठवड्यात प्रत्येक तान भिंतीवर आपटून परत येई. मग सतरंजी अंथरली, समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट सरकवले, मागील दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढून दोहोंतील अंतर आणि आमच्या बैठकीचे अंतर सारखे केले. एवढ्या बिनखर्ची खटाटोपाने गवई दोन पेट्यांच्या मधोमध येऊन बसला. शनिवारी रात्री चार-सहा मराठी घरांतील मंडळी जमू लागली. नियम एकच : तबकडी सुरू झाली की संपेपर्यंत कोणी उठायचे नाही, आणि गाणे पुढे ढकलायचे नाही.

जुन्या तबकड्यांचे भक्त म्हणतात की सीडीचा आवाज कोरडा आहे, त्यात ऊब नाही. त्यांच्याशी वाद घालण्याचे आमचे वय राहिले नाही. सीडी वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी देते. साठीनंतर बहुतेकांच्या कानांस दहा-बारा हजारांपलीकडचे धड ऐकू येत नाही. यंत्र देते त्यातला वरचा हिस्सा आम्ही आता घेऊच शकत नाही. तरीही गवई सम गाठण्यापूर्वी क्षणभर थांबतो, तो विराम आम्हांस पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येतो.

निगा राखण्याचे दोन शब्द. कापसाच्या हंगामात येथील हवेत तंतू तरंगतात आणि लेझरच्या भिंगावर बसतात. म्हणून प्लेयरवर कापड हवे. तबकडी पुसावी ती मध्याकडून कडेकडे, गोल गोल नव्हे. आणि चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजूस अधिक जपावे, कारण परावर्तक पत्रा तिच्याखालीच नाममात्र लेपाच्या आड असतो. तेथे पडलेला खोल चरा दुरुस्त होत नाही.

ही सारी हमी कारखान्यात दाबून काढलेल्या तबकड्यांची. घरी मुद्रित केलेल्या तबकडीत खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन व उष्णता यांनी तो विटतो. आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या थोरल्या बंधूंनी १९८७ साली कॅसेटवर घेतल्या होत्या. मातोश्री १९९९ साली गेल्या. पुतण्याने २००४ साली ती कॅसेट अशाच एका तबकडीवर उतरविली, आणि मूळ फीत पुढे बुरशीने गेली. २०१९ च्या उन्हाळ्यात ती तबकडी लावली तर प्लेयर तिसऱ्या ओवीपाशी अडून राहिला. पुसून झाले, उपयोग झाला नाही. अखेर पुतण्याच्या जुन्या संगणकाने ती रात्रभर अडखळत वाचली. अकरा ओव्या हाती आल्या. आठव्या ओवीची शेवटची ओळ मात्र नव्हती. नुसती घरघर, आणि मग पुढची ओवी.

आम्ही किनवटला थोरल्या भगिनींना फोन केला. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. आम्ही सात ओळखीच्या ओव्या ऐकविल्या आणि आठवीचा आरंभ होताच त्यांनी शेवट म्हणून दाखविला, आमच्या विचारण्याचीही वाट न पाहता. वर म्हणाल्या, "बाईची चाल शेवटी अशी वर जात असे; तुला कसे ठाऊक असणार, तू तेव्हा निजलेला असायचास."

त्या ओव्या आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत : आमच्याकडे, पुतण्याकडे आणि हैदराबादेस मुलाकडे. आमची नात तेथेच शिकते. शाळेत इंग्रजी आणि तेलुगू, मराठी सुटीपुरती. प्रारंभी ती विचारी, "आजोबा, पुढचे गाणे लावा ना, हे संपतच नाही." आता ती सतरंजीवर आडवी होते आणि बहुधा तबकडी संपण्यापूर्वी झोपते. आम्ही तिला उठवीत नाही. गेल्या दिवाळीत मात्र ती स्वयंपाकघरात आठवी ओवी गुणगुणताना ऐकली. शब्द तेलुगू हेलाचे, चाल शेवटी वर जाणारी. सौभाग्यवतींनी उच्चार सुधारावयास तोंड उघडले होते. आम्ही त्यांना हातानेच थांबविले. आधी ओवी पुरी होऊ द्यावी.