देऊळगावच्या पेढीवरील रिकामा कप्पा

देऊळगाव राजा बहुतेकांना ठाऊक असते ते बालाजी महाराजांच्या आश्विनातील यात्रेमुळे. त्या दिवसांत येथील पेढ्यांवर येणाऱ्या दहा-वीसच्या नोटा घामाने मऊ पडलेल्या, कुंकवाने माखलेल्या असतात. आपली नोट कापसाच्या कागदाची. ती टिकून टिकून किती टिकणार!

याच बाजारपेठेत आमच्या व्याह्यांनी पॉलिमर नोटांचा संग्रह जपला आहे. ऑस्ट्रेलियाची १९८८ ची दहा डॉलरची स्मारक नोट, श्रीलंकेची १९९८ ची दोनशे रुपयांची, नेपाळची २००२ ची दहा रुपयांची. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला व भुवनेश्वर येथे दहाच्या अशा नोटांची चाचणी योजली होती. त्या चलनात रुळल्या नाहीत.

संग्रहात इंग्लंडच्या पाच पौंडांचा कप्पा मात्र रिकामा आहे. २०१६ च्या त्या नोटेत प्राण्यांच्या चरबीचा अत्यल्प अंश असल्याचे उघड झाले. तेथील शाकाहारी, हिंदू व जैन मंडळींनी आक्षेप घेतला. निवेदनावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. बँक ऑफ इंग्लंडने पामतेलाचा पर्याय तपासला आणि २०१७ मध्ये नोट तशीच ठेवण्याचे ठरविले.

लेस्टरला शिकणाऱ्या नातवाने आणलेली ती नोट व्याह्यांनी हात न लावता परत केली. सूनबाईंनी विचारले, “बाबा, गिऱ्हाईक चामड्याच्या पाकिटातून पैसे काढते, ते आपण घेतोच ना?” प्रश्न बिनतोड आहे. तरीही मंदिराच्या दानपेटीत ती नोट माझ्याने टाकवणार नाही.

नातू म्हणतो, तेथे तो सारे व्यवहार कार्डावरच करतो.