बोटीवरचं बिऱ्हाड

लक्षद्वीपच्या बोटीला क्रूझ म्हणणं ही जाहिरातवाल्यांची मेहेरबानी आहे. कोचीच्या विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून सुटणारी ‘एम. व्ही. कवरत्ती’ म्हणजे खरं तर समुद्रावरची एसटी. बोट सातशे प्रवाशांची. त्यांत आमच्यासारखे हौशे-नवशे थोडे. बाकी सगळी बेटावरची माणसं: एर्नाकुलमच्या दवाखान्यात दाखवून परत निघालेली म्हातारी, तिला हाताला धरून चालवणारा नातू, कॉलेजच्या सुट्टीला घरी चाललेल्या मुली, लग्नाचा बस्ता बांधून आणलेलं एक अख्खं कुटुंब. त्यांच्यासाठी हा प्रवास म्हणजे निव्वळ ये-जा. आम्ही मात्र डेकवर टोप्या सांभाळत फोटो काढत होतो. त्यांनी आमच्याकडे जराही कुतूहलानं पाहिलं नाही, हे मला आवडलं.

आमची केबिन चार जणांची निघाली. खाली-वर बाक, मध्ये उभं राहायला हातभर जागा. वरच्या दोन बाकांवर इचलकरंजीचं एक नवंकोरं जोडपं, हातांची हळदही अजून उतरलेली नसावी. मधुचंद्राला म्हणून निघाले आणि वाट्याला आले आम्ही, तीस वर्षांचा संसार आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा घेऊन. आमचे हे दिलदारपणे म्हणाले, “आम्ही रात्री उशिरापर्यंत डेकवरच असतो हं.” आणि खरंच, पहिल्या रात्री वाऱ्यात कुडकुडत आम्ही बाहेर बसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ एका जागी, हातात काहीही काम नसताना बसल्याचं मला तरी आठवत नाही.

या सहलीची रीत अशी की मुक्काम बोटीवर आणि दिवस बेटावर. बोट रात्री चालते, सकाळी एखाद्या बेटाबाहेर थांबते. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा असतो, पाणी उथळ. मोठी बोट आत शिरू शकत नाही. म्हणून बोटीच्या कुशीतलं एक दार उघडतं, खाली लहान होडी येऊन लागते आणि त्या होडीत उतरायचं. उतरायचं म्हणजे काय, तर लाट होडीला उचलून तुमच्या पायाशी आणते, क्षणभर तिथं धरते आणि मग पुरुषभर खाली नेते. त्या क्षणात पाऊल टाकायचं. दारात दोन खलाशी आणि होडीत दोन. वरचे दंड धरून ठेवतात, लाटेकडे बघत राहतात आणि बरोबर वेळेला सोडतात, खालचे झेलतात. साडीतल्या बायका, तान्ही मुलं, काठी टेकणारे आजोबा, सगळे असेच जातात. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले. खलाशी मल्याळममध्ये काहीतरी ओरडला आणि मी होडीत होते. बेटावरची ती म्हातारी माझ्या आधी, पानाचा डबा हातात धरून, उंबरठा ओलांडावा तशी उतरली होती.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं, त्यांतली १० वस्तीची आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. डोंगर नाही, नदी नाही, दगड म्हणावा असा दगडही नाही. आहे ते सगळं प्रवाळाचं. समुद्रातले ज्वालामुखी हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या कडांवर प्रवाळ वर वर वाढत राहिलं, तेव्हा अशी कंकणाकृती बेटं तयार झाली, हा चार्ल्स डार्विननं १८४२ साली मांडलेला तर्क. इथल्या बऱ्याच बेटांची जमीन कंकणाच्या पूर्वेच्या बाजूला आहे. त्यामुळे पश्चिमेला शांत, फिकट हिरवं लगून आणि पूर्वेला थेट खवळता समुद्र, अशी घराला पुढचं-मागचं दार असावं तशी रचना. माहितीपत्रकात फोटो असतात ते फक्त पश्चिमेचे.

कवरत्ती ही राजधानी. १९५६ साली हा केंद्रशासित प्रदेश झाला तरी कारभार कोळिकोडहूनच चालायचा. १९६४ साली तो इथं आला. लक्षद्वीप हे नाव तर १९७३चं. इथली उज्रा मशीद पाहण्यासारखी. बाहेरून साधी, आत छताच्या लाकडावर असं कोरीवकाम की मान दुखेपर्यंत वर पाहावं. छताचं लाकूड समुद्रातून वाहत आलं असं सांगतात. खरं-खोटं कोण जाणे, पण जिथं जिकडेतिकडे नारळच आहे तिथं चांगलं लाकूड एक तर विकत येणार, नाही तर लाटेवर.

त्याहून मला गुंतवून ठेवलं ते पाण्याच्या कारखान्यानं. बेटावर गोडं पाणी म्हणजे पावसाचं मुरलेलं, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. जास्त उपसा केला की विहीर खारट. २००५ साली इथं एक संयंत्र बसलं. वरचं समुद्राचं पाणी सुमारे २८ अंशांचं, साडेतीनशे मीटर खोलीचं त्याच्या निम्म्याइतक्याच तापमानाचं. वरचं कोमट पाणी हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की त्या कमी दाबात त्याची आपोआप वाफ होते आणि खोलातून आणलेल्या गार पाण्यानं ती थंड केली की गोडं पाणी. दिवसाला एक लाख लिटरची क्षमता. आमचे हे जन्मभर पाणीपुरवठा खात्यात. ते काचतळाच्या होडीची वेळ झाली तरी तिथून हलेनात.

पण मुक्काम करावा असं बेट कल्पेनी. इथं पर्यटकांना कूमेलच्या लगूनमध्ये पोहायला सोडतात, जेवण देतात, तिथंच कोळकळी नाच होतो. नवं जोडपं कायाकमधून गोल गोल फिरत होतं. आम्ही गाडी करून पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथं वाळू नाही. प्रवाळाच्या धोंड्यांचा लांबच लांब बांध आहे. काळे-करडे, खडबडीत, काही तर बैलगाडीएवढे. तो माणसानं घातलेला नाही. १८४७ साली एक वादळ आलं, त्यानं समुद्राच्या तळातून हे धोंडे उपसून किनाऱ्यावर रचले. हात लावला तर अजूनही त्यावर प्रवाळाची फुलं, जाळ्या, मेंदूसारख्या वळ्या स्पष्ट दिसतात.

त्या वादळानं नुसता किनारा बदलला नाही, राज्य बदललं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांना जहाजांच्या दोरखंडांसाठी इथला काथ्या हवा होता. पुढं ही बेटं कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे गेली. केरळातलं हे एकमेव मुसलमान राजघराणं. त्यात वारसा घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडे, मग तो पुरुष असो की बाई. पुरुष असेल तर अली राजा, बाई असेल तर बीबी. राजवट बाईची असो वा पुरुषाची, बेटांच्या वाट्याला एकच व्यवहार: काथ्या दरबारालाच विकायचा, ठरवून दिलेल्या भावानं, आणि मोबदल्यात तांदूळ घ्यायचा. बेटावर भात पिकत नाही. तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. जाचाला कंटाळून उत्तरेकडच्या अमिनी बेटसमूहाची माणसं १७८०च्या दशकात मंगळूरला टिपू सुलतानाकडे गेली आणि आम्हाला तुमच्याकडे घ्या म्हणाली. टिपूनं घेतलं. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं, तशी ती बेटं इंग्रजांकडे गेली. दक्षिणेची कण्णूरकडे राहिली, ती या वादळापर्यंत. कल्पेनी आणि अंद्रोत उजाड झाली, नारळ झोपले, मदत द्यायला कण्णूरपाशी पैसा नव्हता. कंपनी सरकारनं मोठ्या मनानं कर्ज दिलं. कर्जावर व्याज चढलं आणि १८५४ साली बेटांचा कारभारच कंपनीनं घेतला. एक गोळी न झाडता! सावकारी पाश आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

काथ्याच्या या व्यवहारात खपायच्या त्या बायका. नारळाची सोडणं महिनोन्‌महिने लगूनच्या कडेला पुरून कुजवायची, मग बडवून तंतू काढायचे, वळायचे. पुरुष ते सुंभ शिडाच्या ओडममध्ये भरून किनाऱ्याला नेणार, वारा फिरला की तांदूळ घेऊन परतणार. इथं घर बाईच्या नावावर असतं. का, याचं पूर्ण कारण एवढंच नसेल. पण निम्मं असावं.

कल्पेनीत घर आईकडून मुलीकडे जातं. लग्न झालं म्हणून मुलगी सासरी जात नाही. जुन्या रीतीत नवराही बायकोच्या घरी राहायला येत नसे. रात्री यायचा, सकाळी आपल्या आईच्या घरी परत. आमच्या गाडीवाल्या मुलाचे आजोबा असेच, रात्री कंदील घेऊन आजीकडे जात. मिळकतीचेही दोन भाग. वडिलोपार्जित ती शुक्रवारची, तिला हात लावायचा नाही, ती मातृकुळाची. स्वतः कमावलेली ती सोमवारची, ती शरियतप्रमाणे बायको-मुलांना देता येते. इस्लाम आणि मातृकुळ हे दोन्ही एका छपराखाली कसे नांदतात, यावर लीला दुबे यांनी १९६९ साली ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे पुस्तक लिहिलं. लीलाबाई मूळच्या अंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकर यांच्या भगिनी. ए. आर. कुट्टी यांनी इथं राहून गोळा केलेल्या माहितीवर ते आधारलेलं आहे. मराठी घरात या पुस्तकाचं नावही फारसं ऐकू येत नाही, हे आपलं दुर्लक्ष.

मी हे सगळं बोटीवर परतल्यावर केबिनमध्ये सांगितलं. नवी नवरी वरच्या बाकावरून वाकून म्हणाली, “म्हणजे काकू, सासू नाहीच?” तिचा नवरा गप्प झाला. आमचे हे म्हणाले, “अगं, सासू आहे. पण रोज नाही.”

तिथून मिनिकॉयला जाताना नाइन डिग्री चॅनल लागतं. सुमारे दोनशे किलोमीटरचा उघडा समुद्र, एडनहून कोलंबोकडे जाणाऱ्या जहाजांचा हमरस्ता. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, तशी इथली वर्दळ वाढली आणि १८८५ साली इंग्रजांनी मिनिकॉयला दीपगृह बांधलं. ते अजून चालू आहे. वर चढून गेलं की बेट चंद्रकोरीसारखं दिसतं आणि त्यापलीकडे फक्त पाणी. दक्षिणेला मालदीव जवळ आहे. इथली महल भाषा मालदीवची, लिपी उजवीकडून डावीकडे. बाकी नऊ बेटांचं मल्याळम इथं परकं.

मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरीला. महिनोन्‌महिने घराबाहेर. त्यामुळे गावाचा गाडा बायका हाकतात. प्रत्येक गावाला मूपन म्हणजे गावप्रमुख असतो, तशी मूपतीही असते. जे पुरुष घरी आहेत ते कुपा पकडतात, आणि तेही जाळ्यानं नाही, गळानं. पहाटे लगूनमध्ये बारीक मासळी धरून होडीच्या पोटातल्या पाण्यात जिवंत ठेवायची, कुप्यांचा थवा दिसला की ती फेकायची आणि वर पाण्याचा फवारा मारायचा. कुप्यांना वाटतं सगळा समुद्र खाद्यानं उसळतोय. काट्याला अडकवणारी नखी नसते. मासा ओढला की हवेतूनच सुटून होडीत पडतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात. मग तो उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात. त्याला म्हणतात मासमीन. गावच्या घरात आम्हाला चहाबरोबर नारळात कालवलेला मासमीन मिळाला. सुक्या बोंबलावर वाढलेल्या माझ्या जिभेनं त्याला पहिल्या घासात आपलं म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पर्यटकांच्या सहली ऑक्टोबर ते मे दरम्यान. प्रवेशासाठी परवाना लागतो, तो निघायच्या बऱ्याच आधी हाती घ्या. दोघांचीच केबिन हवी असेल तर ती वरच्या वर्गात असते आणि लवकर संपते. बेटांवर दारूबंदी आहे, बंगाराम बेट सोडून. कल्पेनीला पोहून झालं की गाडीवाल्याला पूर्वेच्या किनाऱ्यावर न्यायला सांगा. कार्यक्रमात ते नसतं, पण पाऊण तासात होतं. आणि तिथला प्रवाळाचा तुकडा, कितीही लहान असला तरी, पिशवीत टाकू नका. तो नेणं गुन्हा आहे.