विशाखापट्टणमची पाणबुडी

आम्ही जमिनीवरची माणसं. समुद्र मला कळला तो विशाखापट्टणमला, तोही थोडासाच. खडकवासल्याचा माझा कोर्समेट तिथे नौदलात, पाणबुडीवाला. सुट्टीच्या दिवशी त्याने शहर दाखवलं.

डॉल्फिन्स नोजचा डोंगर आडवा उभा, त्याच्या आडोशाला १९३३ मध्ये बंदर सुरू झालं. १९४१ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीने इथे जहाजकारखान्याचा पाया घातला. पुढच्याच एप्रिलमध्ये जपानी बॉम्ब पडले. तरी १९४८ मध्ये 'जलउषा' पाण्यात उतरलीच. सोलापूरला समुद्र कुठे, पण जिद्द बघा!

आर. के. बीचवर 'कुरसुरा' पाणबुडी वाळूत ठेवलीय. लांबी ९१ मीटर, पण आत अंग चोरूनच चालावं लागतं. बंकरमध्ये महिने काढलेला मी पाच मिनिटांत घामाघूम.

"यात राहता तुम्ही?"

"सवय होते रे."

जवळच १९७१ चं विजयस्मारक आहे. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास पाकिस्तानची 'गाझी' याच किनाऱ्यासमोर बुडाली. ती 'विक्रांत'ला शोधत आली होती, आणि 'विक्रांत' होती अंदमानात. 'राजपूत'च्या डेप्थ चार्जने बुडाली की स्वतःच्याच सुरुंगाने, हा वाद अजून मिटलेला नाही. आत नव्वदहून अधिक माणसं होती.

मी फुशारकीने काहीतरी बोललो. तो गप्पच. मग समुद्राकडे हात करून म्हणाला, "अजून तिथेच आहेत ते सगळे. बंदरातून बाहेर पडताना दरवेळी आठवतं."

आम्ही मुरी मिक्चर घेतलं. स्मारकासमोर फोटो काढायचा होता, तो राहिलाच.