हुकूम एक, अंमल दोन

धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी आकुंचन का पावतात, हा प्रश्न शरीरशास्त्राने बऱ्याच अंशी निकालात काढला असला, तरी त्या वेळीच आवरत्या कशा होतात, हा त्याच्या जोडीचा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून अधिक मोहक वाटत आला, आणि माझ्या संशोधनाचा बहुतेक काळ त्याच्याच पाठीमागे खर्ची पडला. पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट असते. पेशीपटलातील मार्गिका उघडल्या की ते आत शिरते, आणि ते आत शिरले की स्नायू आवळतो. पाठ्यपुस्तकातील हकिकत सामान्यतः येथे संपते.

अशा सर्वच मार्गिका म्हणजे पटलात रुतलेले प्रथिनांचे रेणू. त्यांपैकी एकीतून वाहणारा प्रवाह प्रथम नोंदला तो ग्यॉटिंगेन येथील एर्विन नेहेर व बेर्ट झाकमान यांनी, १९७६ साली, बेडकाच्या स्नायूवर. परंतु आमच्यासारख्यांच्या नित्याच्या उपयोगाला आली ती पुढे चार वर्षांनी नेहेर यांना गवसलेली युक्ती, आणि ती इतकी साधी आहे की तिच्या जोरावर नोबेल पारितोषिकापर्यंत (१९९१) मजल गेली हे नवख्याला खरे वाटत नाही. सुमारे एक मायक्रॉन तोंडाची काचेची नळी पेशीवर अलगद टेकवायची, तिला जोडलेली रबरी नळी ओठांत धरायची आणि श्वास किंचित आत ओढायचा. ओढ कमी पडली तर काच व पटल यांमधील फटीतून प्रवाह गळत राहतो. अधिक झाली तर पटलच फाटते. नेमकी साधली, तर पडद्यावरची जाड, थरथरती रेषा एकाएकी बारीक होते, विद्युत्‌रोध अब्जावधी ओहमांवर जातो, आणि थोड्याच वेळात त्या रेषेवर चौकोनी पायऱ्या उमटू लागतात. (शेजारचा उद्वाहक सुरू झाला की अशाच पायऱ्या खोट्याही उमटतात, आणि नवशिक्यांना त्या खऱ्यांहून देखण्या वाटतात.) मी ज्या मार्गिकेचा अभ्यास केला तिची पायरी दहा पिकोअँपिअरची, म्हणजे उघडी असताना सेकंदाला सुमारे सहा कोटी पोटॅशियम आयन बाहेर सोडणारी, आणि तरीही त्या गर्दीत सोडियमला जवळजवळ मज्जाव करणारी.

या मार्गिकेला उघडण्याचा हुकूम देते ते कॅल्शियमच. पोटॅशियम बाहेर गेले की पेशीचा आतला भाग अधिक ऋणभारित होतो, त्यामुळे कॅल्शियमच्या मार्गिका मिटतात आणि स्नायू सैल पडतो. म्हणजे ज्या कॅल्शियमने आवळले, तेच सैल करवते! हा विरोधाभास फार काळ टोचत राहिला, कारण पेशीभर सरासरीने असणारे कॅल्शियम ती मार्गिका उघडायला पुरेसे नव्हते. उलगडा १९९५ साली झाला. व्हरमाँट विद्यापीठातील मार्क नेल्सन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की पेशीच्या आतल्या कोठारातून पटलाला अगदी लागून कॅल्शियमची ठिणगी उडते, तेवढ्या जागेपुरते त्याचे प्रमाण बेसुमार वाढते, तिथल्या पोटॅशियम-मार्गिका उघडतात, आणि उरलेल्या पेशीला त्याची वार्ताही नसते. पेशीतील संदेशांविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण कोणता रेणू याहून तो कोठे आणि किती वेळ, याला महत्त्व अधिक आहे, असे माझे मत आहे. आणि रेणूंच्या नावांचे बाण जोडून काढलेल्या तक्त्यांवरून माझा विश्वास उडाला तो या ठिणग्यांमुळेच.

या पोटॅशियम-मार्गिकेची खातरजमा करायची तर तीच तेवढी बंद करणारे द्रव्य हवे. ते १९९० साली वेगळे करण्यात आले, आयबेरिओटॉक्सिन नावाचे, सदतीस अमिनो आम्लांचे, आणि कशातून, तर भारतीय लाल विंचवाच्या विषातून! कोकणात जांभ्याच्या गडग्यांत, सरपणात आणि गवताच्या भाऱ्यांत दडून बसणारा हा प्राणी परदेशी कुपीत पांढऱ्या भुकटीच्या रूपाने माझ्या मेजावर आला, तेव्हा मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेणाऱ्या माझ्या वाडीला त्याची किंमत कशी पटवावी, हे मला सुचेना.

माणूस दगावतो तो मात्र या घटकाने नव्हे. त्याच विषातील दुसरी द्रव्ये मज्जातंतूंमधील सोडियम-मार्गिका वेळेवर मिटू देत नाहीत. त्यामुळे ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन यांचा पूर लोटतो, धमन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडकडच्या ग्रामीण भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दरदरून सुटणारा घाम, वांत्या आणि गार पडलेले हातपाय यांची बारकाईने नोंद ठेवून, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या रुग्णांना देऊन पाहिले, आणि १९८६ साली त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिन मार्गिकेला हात लावीत नाही. ते धमनीच्या पेशीवरील नॉरॲड्रेनॅलिनचे ग्राहीच अडवून धरते, म्हणजे आकुंचनाचा हुकूम दाराशीच परत पाठवते. ही गोळी तोंडाने देता येते, आणि कोकणातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ती असलीच पाहिजे, याविषयी आमच्या प्रयोगशाळेचे मत आजवर कोणी विचारलेले नाही. विचारल्यास ते एकमुखी मिळेल.